बर्फावर चढणे आणि बर्फावर थांबणे

नाताळची सुटी जवळ आली की मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतून हिमालयाचे बेत रचले जाऊ लागतात. पूर्वी हा प्रवास आगगाडीने आणि पुढे भाड्याच्या मोटारीने होत असे. आता घरची मोटार घेऊन, तीन दिवस रस्ता तुडवीत मनाली गाठणारी कुटुंबे आमच्या ओळखीतच अनेक आहेत. ही हौस वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्याने आयुष्यभर दादर ते चर्चगेट एवढाच प्रवास केला, त्याला पन्नाशीत बर्फ पाहावासा वाटला तर त्यात नावे ठेवण्यासारखे काय आहे? परंतु अलीकडे या हौशीला एका नव्या आत्मविश्वासाची जोड मिळाली आहे आणि त्या आत्मविश्वासाबद्दल मात्र चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. हा आत्मविश्वास मोटारीच्या मागच्या अंगाला चकचकीत अक्षरांत लिहिलेला असतो. चारी चाकांना इंजिनाचे बळ पोचविणारी, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह पद्धतीची ही मोटार असते. ती घेताना विक्रेत्याने पडद्यावर एक चित्र दाखविलेले असते. त्या चित्रात मोटार बर्फाचे फवारे उडवीत भरधाव धावत असते. ती थांबते कशी, हे त्या चित्रात नसते.

ज्या रस्त्यावर हा प्रश्न आज सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो मनालीहून लाहौलकडे जाणारा रस्ता. पूर्वी या वाटेवर निसर्गानेच पहारा बसविला होता. समुद्रसपाटीपासून ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की वर्षातले कित्येक महिने पलीकडचे लाहौल जगापासून तुटे. ऐन हिवाळ्यात तेथे जाण्याची कल्पनाही मैदानातल्या प्रवाशाच्या मनात येत नसे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला आणि हे चित्र पालटले. ९.०२ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याने लाहौलच्या लोकांचे शतकांचे दुःख हलके केले. आजाऱ्याला रुग्णालय आणि शेतकऱ्याला बाजार जवळ आला. हे काम ज्या अभियंत्यांनी आणि मजुरांनी केले त्यांचे ऋण देशाने मानले पाहिजे. परंतु बोगद्याची दोन्ही तोंडे तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहेत. बोगद्याच्या आत बर्फ नाही. दाराबाहेर तो आहेच, आणि दारापर्यंतचा सोलंगपासूनचा चढ-उतारही आहेच. निसर्गाने काढून घेतलेल्या पहाऱ्याच्या जागी माणसाने कोणता पहारा बसवावयाचा, हा प्रश्न त्या दिवसापासून उभा आहे. उद्घाटनानंतर पहिल्या काही दिवसांतच बोगद्यात अपघात झाले. भरधाव हाकणाऱ्यांनी आणि मध्येच गाडी थांबवून स्वतःची छायाचित्रे घेणाऱ्यांनी मिळून ते घडविले. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या आठवड्यात बर्फ आला तेव्हा सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान सुमारे हजार वाहने अडकून पडली. थिजलेल्या रस्त्यावर घसरणाऱ्या मोटारी मागून हाताने रेटून, दोर लावून, प्रवाशांना पायी उतरवून पोलिसांना रात्रीतून वाट मोकळी करावी लागली. आपल्याच चालकावाचून मागे मागे घसरत जाणाऱ्या गाड्यांची चलच्चित्रे त्या दिवसांत देशभर पाहिली गेली आणि, खेद वाटतो, पुष्कळ ठिकाणी विनोद म्हणून पाहिली गेली.

प्रशासनाने यावर काढलेला तोडगा सर्वांना माहीत आहे. बर्फ पडला की सोलंगच्या अलीकडे पोलिस मोटारी अडवितात आणि चारी चाकांना बळ असलेल्या मोटारींनाच पुढे सोडतात. हा नियम करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, आणि नियम अजिबात नसण्यापेक्षा तो बराच बरा, हेही आम्ही मान्य करतो. परंतु या नियमाने एक अर्धसत्य सरकारी शिक्क्यानिशी लोकांच्या हाती दिले आहे. साध्या मोटारीचा मालक परत फिरविला जातो, शेजारच्या दांडग्या मोटारीला हात दाखवून पुढे सोडले जाते आणि त्या मोटारीतला गृहस्थ काय समजतो? आपण सुरक्षित आहोत, एवढेच समजतो. वस्तुतः पोलिसाने त्याला सांगितलेले असते ते इतकेच की, तुझी गाडी वर चढेल. ती खाली उतरताना थांबेल की नाही, याची तपासणी त्या नाक्यावर झालेलीच नसते.

हा भेद जरा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण सारा घोटाळा येथेच आहे. मोटार पुढे जाते ती चाकाने रस्त्याला मागे रेटल्यामुळे. बर्फावर रस्त्याची पकड थोडी. एखाद्या चाकाने त्या पकडीपेक्षा अधिक रेटा दिला तर ते जागच्या जागी गरगर फिरते. दोनच चाकांना बळ मिळत असेल तर सारा भार त्या दोघांवर पडतो आणि ती लवकर हार खातात. तेच बळ चार चाकांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येते आणि गाडी चढते. येथपर्यंत विक्रेत्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. परंतु ब्रेक? ब्रेक तर स्वस्तातल्या स्वस्त मोटारीलाही चारी चाकांना असतातच. थांबण्याच्या बाबतीत या महागड्या मोटारीला साध्या मोटारीहून अधिक असे काहीच मिळालेले नसते. तेच चार टायर, तोच तळहाताएवढा रबराचा स्पर्श आणि तेच बर्फ. वळण घेतानाही तसेच. गाडीला वळणाच्या बाहेर फेकू पाहणाऱ्या जोराला तोंड देते ती टायरची पकड, आणि इंजिन कितीही चाकांना जोडले तरी ही पकड रतीभरही वाढत नाही.

आकड्यांत सांगावयाचे तर असे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार, ब्रेक लागल्यानंतर सुमारे ९ मीटरांत उभी राहते. घट्ट दाबल्या गेलेल्या बर्फावर तिला ३० मीटरांच्या आसपास लागतात. काचेसारख्या थिजलेल्या थरावर ६० मीटरही पुरत नाहीत. यात चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जाणारा एक सेकंद धरलेला नाही. त्या सेकंदात आणखी ११ मीटर निघून जातात. हे सर्व सपाट रस्त्यावर. आता तीच काच शंभर मीटरांना सहा मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर आहे अशी कल्पना करा. डोंगरी रस्त्याला हा उतार काही विशेष नव्हे. तेथे त्याच ४० च्या वेगाला थांबण्यासाठी दीडशे मीटर लागतील. आणि उतार दहास एक झाला तर ती मोटार मुळीच थांबणार नाही. ब्रेक पूर्ण दाबलेला, चाके बंद, आणि गाडी आपल्या गतीने निघालेली, असे ते दृश्य असते. डिसेंबर २०२४ मध्ये लोकांनी जे हसत पाहिले ते हेच. यात यंत्राचा दोष नव्हता. हे घर्षणाचे गणित आहे, आणि ते मोटारीची किंमत विचारीत नाही.

आमच्या मते याहूनही घातक अशी एक गोष्ट आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. साध्या मोटारीचे चाक बर्फावर फिरू लागते तेव्हा रस्ता चालकाशी बोलत असतो. निघतानाच गाडी घुटमळते, मागचे अंग किंचित हलते, आणि शहाणा माणूस मनात म्हणतो, येथे काही खरे नाही, बेताने जावे. चारी चाकांचे बळ असलेली मोटार हा संदेश चालकापर्यंत पोचूच देत नाही. ती शांतपणे, कोरड्या रस्त्यावरून निघावी तशी निघते. वीस, तीस, चाळीस, पन्नास असा काटा चढत जातो आणि रस्ता निसरडा आहे हे तिच्या मालकाला प्रथम कळते ते पहिला ब्रेक दाबताना, म्हणजे ज्या क्षणी कळून उपयोग उरलेला नसतो त्या क्षणी. ज्या थंडीप्रधान देशांत अशा मोटारी घरोघरी आहेत तेथील अनुभवी लोक सांगतात की बर्फाच्या दिवसांत रस्त्याकडेच्या चरात पडलेल्या मोटारींत या दांडग्या मोटारींचा भरणा काही कमी नसतो. वरील गोष्ट ध्यानात घेतली तर यात नवल वाटावयास नको.

वळणाचा हिशोबही सांगून टाकतो. घाटातल्या तीव्र वळणाची त्रिज्या चौदा-पंधरा मीटर असू शकते. कोरड्या दिवशी असे वळण ताशी तीस-पस्तीसच्या वेगाने कसेबसे घेता येते. दाबलेल्या बर्फावर तेच वळण वीसच्या आत घेतले पाहिजे, आणि थिजलेल्या थरावर बारा-तेराच्या वेगालाही टायर हात टेकतात. म्हणजे धावणाऱ्या माणसाचा वेग. आमच्याकडील चालक येथे विशेष फसतो, कारण त्याला वाटते की आपण खंडाळ्याच्या आणि आंबेनळीच्या घाटांत ऐन श्रावणात गाडी चालविली आहे. निसरडे आपल्याला काय नवे? पावसाने भिजलेला डांबरी रस्ता कोरड्या रस्त्याची निम्म्याहून अधिक पकड राखून असतो. बर्फाचा थर सातवा-आठवा हिस्साच ठेवतो. आणि सर्वांत फसवे तापमान कडक थंडीचे नसते, शून्याच्या आसपासचे असते. दुपारी उन्हाने बर्फ वितळते, त्याचे पाणी रस्त्यावर पसरते आणि चार वाजता डोंगराची सावली पडली की त्याचीच पारदर्शक काच होते. खालचे डांबर तिच्यातून स्वच्छ दिसते, म्हणून ती दिसत नाही. सकाळी ज्या रस्त्याने आनंदात वर गेलो तोच रस्ता संध्याकाळी उतरताना निराळा झालेला असतो. पुलांवर आणि कायम सावलीतल्या वळणांवर हे सर्वांत आधी घडते.

या मोटारींवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. चढावर अडकलेली गाडी मागच्या शंभरांची वाट अडविते. चारी चाकांच्या बळाने ती अडकत नाही, हा लाभ लहान नाही. उतारावर खालचा गियर घालून इंजिनालाच गाडी आवरावयास लावले तर तो आवर चारी चाकांत वाटला जातो, आणि जुन्या जीपच्या धर्तीवर ज्यांत खास मंदगतीचे गियर आहेत त्यांत तर हा गुण मोलाचा आहे. सैन्याने आणि सीमा रस्ते संघटनेने अशाच गाड्यांवर हिमालयात वर्षानुवर्षे काम चालविले आहे. पण त्यांचे चालक कसे चालवितात ते ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक असेल की त्या गाड्या बर्फात कधी धावत नाहीत. त्या चालतात. अवजाराचा गुण आणि अवजार हाती घेणाऱ्याचा गर्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलात एका पर्यटकाने वाहतुकीच्या कोंडीचा कंटाळा येऊन आपली जीपवजा मोटार थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली आणि पाण्यातून पलीकडे नेली. पोलिसांनी त्याला साडेतीन हजार रुपये दंड केला. मोटार नदी ओलांडून गेली हे खरे; पण ती पाहून दुसरे किती जण नदीत उतरावयास धजले असते, याचा हिशोब साडेतीन हजारांत बसत नाही.

तर मग करावे काय? इतरांनी काय केले ते पाहू. स्वीडनमध्ये १ डिसेंबरपासून ३१ मार्चपर्यंत रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २००८ पासून आणि जर्मनीने २०१० पासून असाच निर्बंध काटेकोर केला. मोटार दोन चाकांची की चार चाकांच्या बळाची, हे हा कायदा विचारीत नाही. तो टायर विचारतो, कारण रस्त्याला टेकते ते टायर. साध्या टायरचे रबर सुमारे सात अंशांखाली कडक होऊ लागते आणि कडक रबर पकड सोडते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या बारीक खाचा बर्फाला धरून ठेवतात. फिनलंडने आणखी पुढे जाऊन वेगालाच ऋतू लावला. तेथे उन्हाळ्यात ज्या रस्त्यांवर ताशी १०० चा वेग चालतो त्यांपैकी पुष्कळ रस्त्यांवर हिवाळ्यात ८० च्या पाट्या लागतात. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा ओलांडणाऱ्या महामार्गांवर साखळ्यांच्या नियमाच्या तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीला चारी चाकांच्या बळाच्या मोटारीला सूट मिळते; पण चारी टायर बर्फाचे असतील तरच, आणि साखळ्या गाडीत बाळगल्या असतील तरच. तिसऱ्या पायरीला कोणालाच सूट नाही. सॅन होजे-फ्रीमॉन्टकडे राहणाऱ्या आणि हिवाळ्यात मुलांना घेऊन लेक टाहोला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना या नाक्यांचा चांगला परिचय आहे. तोच गृहस्थ सुटीत भारतात येऊन मनालीला गेला, की नाक्यावर त्याला कोणी टायर विचारीत नाही आणि त्यालाही स्वतःहून आठवत नाही, ही गंमतीची गोष्ट म्हणावी की काय?

आमच्याकडे बर्फ पडणारे रस्ते थोडे आहेत. त्यांच्यासाठी साऱ्या देशातल्या मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे करा, असे कोणी म्हणणार नाही. मुंबईच्या मोटारीला त्यांचा उपयोग नाही, आणि ते येथे सहजी मिळतही नाहीत. परंतु साखळ्या मिळतात. मनालीचे स्थानिक टॅक्सीवाले पुढच्या चाकांनी चालणाऱ्या चिमुकल्या मोटारींना साखळ्या बांधून, गोगलगायीच्या गतीने, ज्या रस्त्याने वर्षानुवर्षे ये-जा करतात तेथेच तिप्पट किमतीची मोटार आडवी झालेली दिसते. तेव्हा आमची पहिली मागणी नाक्याविषयी आहे. बर्फाच्या दिवशी पुढे जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला, तिच्या इंजिनाचे बळ दोन चाकांना जावो की चारांना, साखळ्या किंवा बर्फाचे टायर असल्यावाचून सोडू नये. आणि टायरची नक्षी झिजलेली असेल तर साखळ्या दाखविल्या तरी परत फिरवावे. साखळ्या नुसत्या डिकीत असून भागणार नाही. त्या बांधावयास किमान एकदा हात लागलेला असला पाहिजे, आणि पुढच्याच दोन चाकांना बांधल्या तर उतारावर मागचे अंग फिरण्याचा धोका राहतो, हेही चालकाला तेथेच सांगितले गेले पाहिजे.

दुसरी मागणी वेगाची. राज्य सरकारला विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट काळापुरती वेगमर्यादा घालण्याचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाने दिलेला आहे. तो अधिकार वापरून हिमाचल सरकारने बर्फाच्या दिवसांत सोलंग ते बोगदा या टप्प्यावर ताशी २० ची मर्यादा लावावी. वीसच का, असे कोणी विचारील. वेग निम्मा केला की थांबण्याचे अंतर चौथाईवर येते. ताशी ४० ला काचेवर जे साठ-पासष्ट मीटर लागत होते ते २० ला पंधरा-सोळा होतात. पंधरा मीटरवरची मोटार माणसाला धुक्यातही दिसते; साठ मीटरवरची दिसत नाही. एवढे साधे कारण आहे. मर्यादा घातली तर रांगा लांबतील, व्यापाऱ्यांचा तोटा होईल, अशी ओरड होईल हे आम्ही जाणतो. आडव्या झालेल्या एका मोटारीने जी रांग लागते तिच्यापुढे ही रांग काहीच नव्हे. तिसरी गोष्ट वेळेची आहे. वर जाणारी मोटार दुपारनंतर सोडूच नये, म्हणजे सावली पडण्यापूर्वी ती खाली आलेली असेल. हे नाक्यावरच्या शिपायाच्या मर्जीवर न ठेवता लेखी, जाहीर आणि सर्वांना सारखे असावे. कोणाची मोटार कोणाच्या ओळखीने सुटते यावर त्या नाक्यांवर जे बोलले जाते ते सर्वच खोटे असेल असे आम्हांला वाटत नाही.

आता आमच्या वाचकांना. ज्यांनी बर्फावर कधी चाक फिरविलेले नाही त्यांनी मनालीला आपली मोटार मुक्कामाच्या ठिकाणी ठेवावी आणि पुढे स्थानिक चालकाच्या गाडीत बसावे. दोन हजार किलोमीटर स्वतः चालवीत आलो आणि शेवटचे पंचवीस दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे, हे पुरुषी अभिमानाला जड जाते, हे आम्ही समजू शकतो. मागच्या आसनावर बसलेल्या मंडळींनी तो अभिमान समजुतीने उतरवावा. आणि ज्यांना स्वतःच जावयाचे आहे त्यांनी निघाल्यावर, पुढे-मागे कोणी नसताना, ताशी दहा-पंधराच्या वेगात ब्रेकला हलकासा स्पर्श करून पाहावा. रस्ता काय म्हणतो ते तेव्हाच कळते. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या चौपट-पाचपट अंतर ठेवावे. सुकाणू, ब्रेक, गती यांत एका वेळी एकच काम आणि तेही हळुवार करावे. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. ब्रेक आपोआप सोडणारी आणि धरणारी जी नवी यंत्रणा हल्लीच्या मोटारींत असते ती चाके बंद पडू देत नाही, म्हणून सुकाणू चालते. मोकळ्या बर्फात ती थांबण्याचे अंतर कमी करीत नाही, कधी कधी वाढवितेही. घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी हा जुना रिवाज आहे, पण बर्फात उतरणाऱ्याला थांबताच येत नाही असे प्रसंग येतात, तेव्हा चढणाऱ्यानेच रुंद जागा पाहून आधी उभे राहण्यात शहाणपण आहे.

आणि इतके करूनही मोटार अडकलीच तर? ७ जानेवारी २०२२ च्या रात्री पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या गावाकडे जाणारे रस्ते बर्फाने बंद झाले आणि हजारो मोटारी जागच्या जागी गाडल्या गेल्या. सकाळपर्यंत वीसहून अधिक माणसे मोटारीतच मेलेली आढळली, त्यांत मुलेही होती. काही थंडीने गेली, काही मोटारीत भरलेल्या विषारी वायूने. उबेसाठी इंजिन चालू ठेवलेले, धूर सोडणारी नळी बर्फात बुजलेली, काचा बंद. वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड आत भरत जातो आणि झोप लागल्यासारखे वाटते. अडकलेल्या मोटारीत बसावयाचे असेल तर मागची नळी दर थोड्या वेळाने उतरून मोकळी करावी, एक काच बोटभर उघडी ठेवावी आणि इंजिन थोडा थोडा वेळच चालवावे. घोंगड्या, पाणी, खाणे आणि एक फावडे बरोबर असावे. तेथे मेलेल्यांपैकी बहुतेकजण सुटीसाठी, बर्फ पाहावयासच आलेले होते.

हिमाचलच्या गृहखात्याने आणि सीमा रस्ते संघटनेने येत्या हिवाळ्याचा पहिला बर्फ पडण्याच्या आत नाक्याचा नियम बदलून जाहीर करावा, आणि वर जाणाऱ्यांसाठी फलक लावताना बोगद्याच्या दक्षिण तोंडापाशी, सोलंगकडे उतरणाऱ्या चालकाच्या डोळ्यांसमोर, हिंदी आणि इंग्रजीत वीसचा आकडाही लावावा.